मोडी लिपी व करवीर दप्तर
मोडी लिपी : मराठीच्या शीघ्रलेखनाची, मुख्यतः राजकीय, महसुली व व्यापारी कागदपत्रांत रूढ असलेली लिपी. यादवांचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) याने ती तेराव्या शतकात प्रचारात आणली, अशी परंपरा आहे. तथापि एका व्यक्तीने ती निर्मिली असण्यापेक्षा देवनागरीच्या जलद लेखनातून ती क्रमाने घडली असावी, हे अधिक संभाव्य दिसते. लंकेतून ती आणल्याची कथा विश्वसनीय नाही.

लेखक प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढी आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. बोरू वारंवार उचलावा लागू नये म्हणून अक्षरांना गोलाई दिलेली असते. काना जोडताच काही अक्षरांचा घाटच बदलतो. शब्दांमध्ये अंतर नसते, विरामचिन्हे नसतात व ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच लिहिले जातात. नेहमीच्या शब्दांचे संक्षेप करण्याची रीत होती, उदा., ‘राजश्री’ऐवजी ‘रा।’. शिवकालात बाळाजी आवजी चिटणीस यांच्या हाताने या लेखनास डौल आला. चिटणीसी, बिवलकरी, महादेवपंती व रानडी ही वळणे प्रसिद्ध आहेत. पेशवेकालीन वळण सर्वांत रेखीव होय. इंग्रजी अमदानीत बोरूची जागा टाकाने घेतली व अक्षर बारीक, तिरपे आणि किरटे झाले. ते जुन्या कागदांहूनही दुर्बोध ठरते.

१७३१ च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरचे राज्य साताऱ्यापासून कायमचे वेगळे झाले आणि १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. मधल्या काळातील करवीर दरबाराचा व्यवहार बहुतांशी मोडीत आहे. त्याचे दप्तर कोल्हापूर पुराभिलेखागारात जतन केलेले असून, शिवाजी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली ताराबाईकालीन कागदपत्रे अशाच साधनांच्या लिप्यंतरातून सिद्ध झाली. गावपातळीवर या लिपीचे ज्ञान ही सत्ताच होती. अक्षरओळख नसलेल्या कुळाला आपल्याच जमिनीची नोंद कुळकर्ण्याकडून वाचून घ्यावी लागे. शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुळकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. लिपी मात्र तीच राहिली.

छपाईत मोडी रुजली नाही. विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला गेला, परंतु पुढे बाळबोधच सर्वमान्य झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारातून गेली. वारसाहक्क, जमिनीचे दावे व जातीचा पुरावा यांसाठी मात्र जुन्या नोंदी लागतातच. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा वाचकांची टंचाई सर्वत्र जाणवली. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समावेश झाल्यानंतर मोडीचे संगणकीय टंक उपलब्ध झाले. त्यांतील अक्षरे सुटी व स्थिर असतात. त्यांवर शिकलेला वाचक तलाठ्याच्या टाकाच्या लेखनापुढे अडखळतो. शिवाय त्याला ‘मया व अलफ’ यांसारखे शुहूर सनाचे अरबी संख्याशब्द व महसुलातील फार्सी संज्ञाही ठाऊक असाव्या लागतात.