ओळख कोणाची?

आंधळगावात मागावर कोसा विणला जातो. ऐनाच्या झाडावर ढिवरांनी अळ्या पोसायच्या, कोष उतरवायचे, कोष्ट्यांनी धागा काढून लुगडं विणायचं, ही भंडाऱ्याकडची जुनी रीत. पण कोसा हे पैशावाल्याचं कापड. गरिबाच्या अंगावरचं जाडंभरडं कापड कोण विणत होतं? इकडचा महार. नागपूरच्या या मुलखात महारांच्या घरात माग होते, हे १९१६ साली छापलेल्या इंग्रज सरकारच्या ग्रंथातसुद्धा नोंदलेलं आहे. मग गिरणीचं कापड आलं. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. घरचे माग हळूहळू बसले आणि विणणारा हात काम मागायला गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

मित्रांनो, आज तुम्ही इंटरव्ह्यूला जाता. दार ढकलताना पोटात गोळा येतो. समोर तिघं बसलेले असतात. म्हणतात, "स्वतःची ओळख सांगा." आपली जीभ टाळूला चिकटते. मग कोणीतरी शहाणा सांगतो, तुमच्या पोरांत आत्मविश्वासच नाही. बूट घाला, ताठ बसा, इंग्रजी फाडा. बूट घालायला माझी ना नाही. पण आधी इतिहास बघा. ही भीती आपल्या छातीत आपण होऊन पिकली नाही. ती पेरलेली आहे. पेरणारा कोण ते कळलं तर अर्धी भीती तिथंच मरते.

मुंबईच्या गिरण्या बघा. तिथं कामावर घेणारा मुकादम. त्याला जॉबर म्हणत. गिरणीच्या दारात सकाळी माणसं उभी राहायची आणि मुकादम बोट दाखवील तो आत जायचा. बोट कोणाकडे वळायचं? त्याच्या गावच्याकडे, त्याच्या भावकीकडे, नाहीतर दस्तुरी देणाऱ्याकडे. हाच आपल्या आज्या-पणज्यांचा इंटरव्ह्यू. त्यात प्रश्न एकच होता : ओळख कोणाची?

तरी आपली माणसं आत शिरली. कताईच्या खात्यात राबली. पण साच्यावर, म्हणजे विणाईच्या खात्यात, पगार जास्त, आणि ते दार बंद. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून काढावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं स्पृश्य कामगार म्हणाले. पिढ्यान्पिढ्या विणणारा हात चालत नव्हता, कारण तोंड चालत नव्हतं! लाल बावट्याखाली "जगातल्या कामगारांनो" म्हणणाऱ्यांनीही त्या दाराला हात लावला नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. तेव्हा कुठं नाखुशीनं तो मागण्यांत आला.

तेव्हा तोंडातली थुंकी बाटवत होती. आज तोंडातली भाषा बाटवते. तुझा 'ण' कुठं गेला, तुझं इंग्रजी असं कसं, यावर मार्क कापले जातात. कौशल्य हातात असतं आणि परीक्षा तोंडाची घेतात, ही गोष्ट आजची नाही.

आता दुसरी बाजू. ज्यांना कोणाची ओळख नव्हती त्यांनी काय केलं? त्यांनी एकमेकांची ओळख केली.

१८९० नंतर इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. लष्करातून पेन्शनीवर आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरवली आणि १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे अर्ज पाठवला. मी याला आपला पहिला नोकरीचा अर्ज म्हणतो. एकाचा नव्हे, अख्ख्या समाजाचा. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली, गरज सरल्यावर १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट निघाली १९४१ साली बेळगावला. अर्जापासून ३१ वर्षं. एका नकारानं घरी बसणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

आपल्या नागपूरकडं बघा. मोहप्याच्या किसन फागुजी बनसोड्यांनी १९१० साली स्वतःचा छापखाना काढला, पत्रं काढली. जाईबाई चौधरी नागपूर-कामठीच्या रस्त्यावर डोक्यानं ओझी वाहत होत्या. एका मिशनरी बाईनं शिकवलं, शाळेत मास्तरीण केलं. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून बोंब झाली आणि नोकरी गेली. जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात मुलींची शाळाच काढली. दुसऱ्यानं खुर्ची काढून घेतली तर बाईनं बाक तयार केले.

आणि खुद्द बाबासाहेब. १९१७ साली कोलंबियात शिकून बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला खोली मिळेना. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली. लंडनमध्ये माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी ओळख झाली होती, तिचा त्यांनी उपयोग केला. यात कमीपणा काय? विद्या त्यांची स्वतःची होती. विद्या असून दार उघडत नव्हतं, म्हणून ओळख वापरली. जागा मिळाल्यावरही काही प्राध्यापकांना त्यांनी पाण्याच्या माठाला हात लावलेला खपला नाही.

म्हणूनच हाती सत्ता आल्यावर त्यांनी काय केलं ते बघा. १९४२ ते १९४६ ते व्हॉईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्याला ८⅓ टक्के जागा राखून मिळाल्या, १९४६ साली १२½ टक्के झाल्या. आणि १९४५ साली त्यांच्याच मजूर खात्याखाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची घडी बसली. सुरुवात लष्करातून सुटणाऱ्यांसाठी झाली, पुढं १९४८ ला सर्वांसाठी खुली झाली. नाव नोंदवा, नंबर लागला की कॉल येईल. ज्याला मामा नाही, त्याचा मामा सरकार! मुकादमाच्या बोटाला हे कागदी उत्तर होतं.

आज सरकारी नोकऱ्या आटल्या. केंद्रानं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांचे इंटरव्ह्यूच बंद केले. इंटरव्ह्यूत वशिला चालतो, हे सरकारनंच कबूल केलं म्हणायचं. पण खाजगीत मुकादम जिवंत आहे, फक्त त्याचं नाव एच.आर. झालं. आपल्या विदर्भाचे सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी शिक्षण सारखंच, आडनाव वेगळं, असे अर्ज खाजगी कंपन्यांना पाठवून पाहिले. २००७ साली निकाल छापला : सवर्ण नावाच्या मानानं दलित नावाला कॉल येण्याची संधी दोन-तृतीयांशच. त्याच साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी माणसं नेमणाऱ्या साहेबांनाच विचारलं. जवळजवळ सगळे म्हणाले, आम्ही उमेदवाराला घराणं विचारतो. 'फॅमिली बॅकग्राउंड.' कोनाची वळख हाये गा? तोच प्रश्न, टाय बांधून आलेला.

तेव्हा दोस्तहो, एकट्यानं आरशापुढं उभं राहून हिंमत येत नाही. सासवडसारखं बसा. रविवारी विहारात दोघं साहेब व्हा, एक उमेदवार. चुकलं तर हसू नका, पुन्हा विचारा. इंटरव्ह्यू देऊन आलेल्यानं विचारलेले प्रश्न त्याच रात्री एका वहीत उतरवावेत, ती वही वस्तीची. दुसरी वही करा : आपला कोण ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोण चिखल्याच्या खाणीत, कोण बँकेत, कोण पुण्याला कंपनीत. जागा निघाली की त्यानं आधी इथं कळवायचं. न कळवणाऱ्याला जयंतीच्या वर्गणीपेक्षा हे आधी विचारा. आणि या वह्यांत पोरींची नावं पोरांच्या बरोबरीनं हवीत.

घराणं विचारलं तर मान खाली घालू नका. माय बिड्या वळत असेल तर सांगा, बिड्या वळते, आणि हजाराचा हिशेब तिला कागदाशिवाय येतो, मी हिशेब तिच्याकडून शिकलो. मग तुम्हाला काय येतं ते सांगा. सावकाश सांगा. आपल्या बोलीत एखादा शब्द निघाला तर निघू द्या. नाही घेतलं तर बाहेर येऊन प्रश्न वहीत लिहा आणि पुढचा अर्ज टाका.

आंधळगावच्या मागावर धागा तुटला म्हणून कोणी माग मोडत नाही. गाठ मारतात आणि पुढं विणतात.

जयभीम.