भावकी आणि भाऊबंदकी

‘भाऊबंदकी’ हा शब्द उच्चारला की आजच्या मराठी वाचकाच्या मनात बांधावरची भांडणे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दावे उभे राहतात. त्याचा जवळचा सोयरा जो ‘भावकी’ हा शब्द, तो मात्र खेड्यांतील बोलीत अद्याप निंदाव्यंजक झालेला नाही. भावकी म्हणजे एका मूळपुरुषापासून निघालेली घरे. ज्यांना एकमेकांचे सुतक लागते, लग्नकार्यात ज्यांना आमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही आणि मयताला ज्यांनी खांदा द्यावयाचा असतो ती माणसे. दोन्ही शब्दांत ‘-की’ हा एकच प्रत्यय आहे. पाटीलकी, गावकी या शब्दांत तो केवळ भाववाचक नाही. तेथे मान, उत्पन्न आणि त्यांबरोबर येणारा बोजा यांचा एकत्र निर्देश होतो. या न्यायाने भावकी म्हणजे भावाची माया नव्हे, तर भाऊ असण्याचा अधिकार आणि त्याची जबाबदारी होय. नुसत्या प्रत्ययाच्या बळावर इतिहास रचणे धोक्याचे असते हे खरे. परंतु येथे शब्दाच्या साक्षीला महसुली कागदांचा दुजोरा मिळतो.

एकत्र कुटुंबाची जी व्याख्या इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात दिली, ती अभ्यासकांच्या परिचयाची आहे. एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक कुलाचार आणि परस्परांतील नाते ही तिची अंगे. व्याख्या काटेकोर आहे. तथापि तिच्यात घेण्याच्या गोष्टी सर्व आल्या आणि देण्याची एक राहिली. देशावरील मिरासदार कुळांच्या बाबतीत हे ‘देणे’च एकोप्याचा कणा होते.

पेशवाई संपल्यानंतर पुणे प्रांताचा कारभार हाती घेतलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जुनी वहिवाट समजून घेण्याचा प्रयत्न केला. पुण्याचा कलेक्टर रॉबर्टसन याच्या 1821 मधील वृत्तांतात ‘जथा’ या संस्थेचे वर्णन येते. गावची जमीन मूळ कुळांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या थळांत विभागलेली असे आणि त्या त्या कुळाचा जथा आपल्या थळाच्या साऱ्याला सामाईकपणे बांधलेला असे. जथ्यातील एखाद्या घराला सारा भरता आला नाही, तर तो इतर घरांनी भरावा. एखादे घर निर्वंश झाले, तर त्याची जमीन इतरांकडे जावी. आणि इतरांची संमती घेतल्याशिवाय कोणी आपली मिरास परक्याला विकू नये, अशी ही व्यवस्था होती. चुली वेगळ्या झाल्या तरी हा बंध तुटत नसे. चुलत्याचा बैल मेला तर पुतण्याने आपली औते त्याच्या शेतात घालावीत, यात माया असेलही. पण ते शेत पडीक राहिले तर त्याचा सारा पुतण्याच्याच डोक्यावर बसणार होता. मायेचा उल्लेख कागदात सापडत नाही, बोजाचा सापडतो.

हा बंध रक्तापुरताही मर्यादित नव्हता. बाहेरच्या माणसाला वतनात वाटा देऊन भाऊ करून घेण्याची चाल होती. जो वाटा घेतो आणि भार उचलतो तो भाऊ, असा हा व्यवहार होता.

धर्मशास्त्राची बैठक याहून निराळी आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त सपिंड शब्दाचा अर्थ पिंडदानाशी न जोडता एकाच शरीराच्या अवयवांशी जोडला आणि वडिलार्जित मालमत्तेवर पुत्राचे स्वत्व जन्मतःच मानले. विभक्त झालेल्यांनी पुन्हा एकत्र येण्याचीही सोय शास्त्रात आहे. तिला ‘संसृष्टी’ म्हणतात. पण मराठीत ‘वेगळे निघणे’ या क्रियेला जसा घरगुती वाक्प्रचार आहे, तसा या पुनर्मीलनाला रूढ झालेला दिसत नाही. ती गोष्ट क्वचितच घडत असावी.

जथ्याची मोडतोड 19 व्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. प्रिंगल याने सुरू केलेली पाहणी फसली. त्यानंतर 1835 पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत घातली, तीत प्रत्येक शेताला स्वतंत्र नंबर, स्वतंत्र आकार आणि स्वतंत्र खातेदार मिळाला. चुलत्याची थकबाकी पुतण्याला लागेनाशी झाली. हा मोठाच दिलासा होता, आणि तो शेतकऱ्यांना नको होता असे म्हणण्यास आधार नाही. मात्र भार गेला तरी वाटा राहिला. बांध, विहीर आणि वाट सामाईकच राहिली. ‘भाऊबंदकी’ शब्दाचा अर्थ रयतवारीने बिघडवला, असे सरळ विधान करता येणार नाही. पेशवाईतील महजरही वतनाच्या तंट्यांनी भरलेले आहेत, आणि खाडिलकरांनी 1909 साली ज्या नाटकाला हे नाव दिले त्याचा विषय 1773 मधील नारायणरावाचा खून हाच आहे. तथापि जबाबदारीचे अंग झडून गेल्यावर शब्दात तंट्याखेरीज फारसे काही उरले नाही, एवढे निश्चित.

भावकीच्या या हिशेबात बायका कोठे होत्या, हा प्रश्न टाळता येत नाही. एका चुलीवर ज्यांनी रांधले त्यांना त्या चुलीत वाटा नव्हता. विधवेस अन्नवस्त्र आणि बहिणीस माहेरची चोळी एवढेच. 1937 च्या कायद्याने विधवेला पतीच्या हिश्शात मर्यादित हक्क दिला. मुलीला सहदायाद मानणारी दुरुस्ती महाराष्ट्रात 1994 साली व देशभर 2005 साली झाली. त्यामुळे सातबाराच्या उताऱ्यावर आता भावांच्या नावांखाली बहिणींचीही नावे लागतात. पुष्कळदा त्यांच्या पाठोपाठ हक्कसोडपत्रही येते. त्यावर सही करणाऱ्या बहिणीला माहेर तुटू नये अशी इच्छा असते, म्हणजे भावकीतला तिचा वाटा सोडून भावकी राखण्याचे देणे तीच देत असते.