पाण्याचे यंत्र आणि बाजारातील माणूस

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते : मुलाला सायन्सला घालावे की कॉमर्सला? जणू या दोन वाटा पुढे कधी भेटतच नाहीत. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

अमेरिकेतील येल विद्यापीठात आयर्व्हिंग फिशर हे थोर पदार्थवैज्ञानिक विलार्ड गिब्ज यांच्या हाताखाली शिकले. १८९१ साली त्यांनी अर्थशास्त्रावर प्रबंध लिहिला. पदार्थविज्ञानातील कणाच्या जागी त्यांनी व्यक्ती कल्पिली आणि ऊर्जेच्या जागी उपयुक्तता. पुढे टाक्या, नळ्या व तरफा जोडून त्यांनी एक यंत्रच बनविले. त्यातील पाणी स्थिरावले की बाजारातील किमतींचा समतोल डोळ्यांना दिसे.

ऑक्टोबर १९२९ मध्ये याच विद्वानांनी, शेअरच्या किमती आता कायमच्या उंचीवर पोहोचल्या आहेत, असे जाहीर केले. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि त्यांची स्वतःची संपत्तीही बुडाली. पाण्याला भीती वाटत नाही, माणसाला वाटते. फिशर खचले नाहीत. घाबरून सारेच कर्ज फेडण्यासाठी विक्री करू लागले की किमती उतरतात आणि उरलेल्या कर्जाचा भार उलट वाढतो, हे त्यांनी १९३३ मध्ये मांडले.

त्याच १९२९ साली हॉलंडमधील लायडन येथे यान टिनबर्गेन यांनी पॉल एरेनफेस्ट या पदार्थवैज्ञानिकाच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. प्रबंधात पदार्थविज्ञान आणि अर्थशास्त्र दोन्ही होते. बेकारांची दैना पाहून ते अर्थशास्त्राकडे वळले व १९३६ मध्ये त्यांनी आपल्या देशाच्या अर्थव्यवहाराची समीकरणे मांडली. १९३९ मध्ये केन्स यांनी अशा पद्धतीवर कडक टीका केली : माणसांचा व्यवहार काळाबरोबर बदलतो, मग जुन्या आकड्यांवरून नियम कसा काढावा? आक्षेप खरा होता. तरीही हिशेब मांडल्यावाचून बेकारी हटविण्याचा मार्ग सापडणार नव्हता. १९६९ मध्ये अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक टिनबर्गेन व राग्नार फ्रिश यांना मिळाले.

विद्यार्थी मित्रहो, पदार्थविज्ञानाने अर्थशास्त्राला गणिताची शिस्त दिली. माणसाची ओळख मात्र त्याला स्वतःच करून घ्यावी लागली. म्हणून शाखा कोणतीही निवडा, गणिताला भिऊ नका आणि आकड्यांमागचा माणूस विसरू नका. पालकांनीही मुलाची आवड आधी विचारावी; शाखेच्या नावावरून त्याची बुद्धी तोलू नये.