दूधआई शोधून मिळेल!

मागच्या महिन्यात सलग तीन संध्याकाळी मी ताईच्या सोफ्यावर बसून एकच काम केलं. तिच्या बाळासाठी मावशी शोधली. ताईची सहा महिन्यांची रजा संपत आलेली, भावजींची शिफ्ट ड्यूटी, आईबाबा सांगलीला. एका वेबसाइटवर पैसे भरले तेव्हा अकरा नंबर उघडले. त्यातले चार बंद. दोघींना कधीच काम मिळालेलं, नावं मात्र यादीत तशीच. एकीच्या प्रोफाइलवर 'बाळ सांभाळण्याचा पाच वर्षांचा अनुभव'. फोन तिच्या नवऱ्याने उचलला. म्हणाला, "बाळ? नाही हो, ती पोळ्यांची कामं करते." दोन नंबर तर एजन्सीचे निघाले. आधी महिन्याच्या पगाराएवढी फी द्या, मग बोलू.

ताई वैतागून म्हणाली, "पूर्वीच्या बायकांचं बरं होतं गं."

आता मला ही इतिहासाची खोड. पूर्वीच्या म्हणजे नक्की कुठल्या?

आपल्याला पटकन आठवतात त्या धाराऊ. १६५७ साली पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला, सईबाईंची तब्येत साथ देईना, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी बाळराजांना दूध पाजलं. त्यासाठी यादी चाळावी लागली नाही. पण ज्या शहरात शेजारचा माणूसही ओळखीचा नसतो, तिथे काय करायचं? हा प्रश्न पॅरिसला आपल्याआधी कितीतरी शतकं पडला होता. म्हणून आजचा भाग पॅरिसचा.

तिथे 'रकोमांदरेस' नावाच्या बायका असायच्या. मोलकरणी आणि दूधआया मिळवून देणं हा त्यांचा धंदा. प्लेगच्या साथीने माणसं गेली, कामाला हात मिळेनात, मजुरी वाढली. तेव्हा राजा दुसऱ्या जाँने मजुरी आणि दर बांधून देणारा एक लांबलचक हुकूम काढला. त्यात या बायकांची फीसुद्धा आहे. मोलकरीण लावून दिली तर १८ दनिये, दूधआई लावून दिली तर २ सू, म्हणजे २४ दनिये. आणि ही फी दोन्हीकडून! कामवालीकडूनही आणि मालकाकडूनही. अजून एक कलम होतं. तीच बाई वर्षात दोनदा कामाला लावून दिली, तर त्या रकोमांदरेसला चव्हाट्यावर खोड्यात अडकवायचं. असा नियम कशासाठी लागला असेल? माझा अंदाज सरळ आहे. बाई एका घरी टिकली तर दलालाला एकदाच पैसे मिळतात. सुटली, की पुन्हा मिळतात. साल १३५१, बरं का.

पुढे हे प्रकरण फार मोठं झालं. आपल्याला वाटतं की दूधआई ठेवणं हे राजेरजवाड्यांचं काम. पॅरिसमध्ये मात्र कारागीर, छोटे दुकानदारसुद्धा बाळं खेड्यात पाठवायचे, कारण बायको दुकानात बसली नाही तर घर चालत नव्हतं. शहराचा पोलीसप्रमुख लनुआर याने १७८० मध्ये अंदाज मांडला, की वर्षाला जन्मणाऱ्या साधारण २१,००० बाळांपैकी जेमतेम १,००० आपल्या आईचं दूध पितात. बाकीची दूधआयांकडे, आणि त्यातली बहुतेक शहराबाहेर. 'मनर' नावाचे मध्यस्थ त्यांना गाडीत घालून न्यायचे. तेच परत येताना बाळाची खबर आणायचे आणि आईबापांकडून पगार न्यायचे. बाळ गेलं तरी खबर उशिरा पोचायची. कित्येक बाळं परत आलीच नाहीत.

सरकारने हात लावला नाही असं नाही. १७१५ साली राजाने चार कचेऱ्या पक्क्या केल्या, नोंदवह्या सक्तीच्या केल्या, आणि दूधआईने गावच्या पाद्रीचा दाखला आणायचा असं ठरवलं. आपलं 'व्हेरिफाइड प्रोफाइल' म्हणा ना. दाखल्यावर बाईचं नाव, वय, गाव, नवऱ्याचा धंदा. आणि तिचं स्वतःचं मूल किती महिन्यांचं, जिवंत की मेलेलं.

हा शेवटचा रकाना मी दोनदा वाचला. तिच्या मुलाची चौकशी होती, पण ती दूध किती ताजं आहे हे कळावं म्हणून.

१७६९ मध्ये चारांची एकच मोठी कचेरी झाली आणि तिने एक काम खरोखर चांगलं केलं. दूधआईच्या पगाराची हमी घेतली. कचेरी आधी पगार देणार, मग बापाकडून वसूल करणार. बापाने पैसे थकवले तर तुरुंग. गरीब कारागीर पोराच्या दुधाचे पैसे थकले म्हणून आत जायचे, आणि दानशूर मंडळी वर्गणी काढून त्यांना सोडवायची. म्हणजे एका गरिबाची हमी दुसऱ्या गरिबाच्या मानगुटीवर. पुढे खाजगी कचेऱ्या निघाल्या, नियम सैल, काम झटपट. गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि १८७६ मध्ये सरकारी कचेरी बंद पडली.

त्याच्या दोनच वर्षं आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, तेओफिल रूसेल या डॉक्टर-खासदाराने कायदा करून घेतला. पैसे देऊन बाहेर ठेवलेल्या दोन वर्षांखालच्या प्रत्येक बाळावर सरकारची देखरेख. आणि दुसऱ्याच्या घरी राहून दूध पाजायला जाणाऱ्या बाईसाठी अट अशी, की तिचं स्वतःचं मूल सात महिने पूर्ण झालेलं हवं, नाहीतर त्याला पाजणारी दुसरी बाई हवी. बाईच्या मुलाचा विचार मुलासाठी व्हायला १७१५ पासून १५९ वर्षं लागली. तोही सगळीकडे पाळला गेला असं नाही.

मोबाइलवरच्या याद्यांनी शोधणं सोपं केलं, तपासणं नाही. केअर डॉट कॉम ही यातली मोठी अमेरिकन कंपनी. २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दाखवून दिलं, की तिच्या यादीत परवानाधारक म्हणून नोंदलेल्या शेकडो पाळणाघरांकडे प्रत्यक्षात परवानाच नव्हता. नोंदवही आली, पण नोंद खरी की खोटी हे बघायला गावचा पाद्रीही नाही.

तर आमचा अकरावा नंबर. तो लागला! वारज्यातच राहणाऱ्या, दोन घरी बाळं सांभाळलेल्या, बोलायला शांत. पगार ठरला, वेळ ठरली. ताईचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा खुलला. मग त्या म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? माझी पोरगी दीड वर्षाची आहे. सासूबाई गावाला गेल्या की तिला बरोबर आणलं तर चालेल का?"

ताईने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी परत प्रोफाइल उघडलं. वय, शिक्षण, भाषा, शाकाहारी की मांसाहारी, सगळं होतं. मुलीचा उल्लेख कुठे नव्हता, कारण तसा रकानाच नव्हता.

"घरी विचारून उद्या सांगते," ताई म्हणाली. रात्री भावजींशी बोलणं झालं, थोडं वाजलंही. सकाळी नऊला तिने 'हो' सांगायला फोन लावला, तर त्यांनी आदल्या संध्याकाळीच दुसरं घर धरलं होतं.

त्यांचं नाव यादीत अजून आहे. हिरवी खूण, 'उपलब्ध'.