डाव्या मनगटाची कुळकथा

उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फपटूच्या डाव्या मनगटावर आज प्रशिक्षक तासन्‌तास बोलतात. क्लब मागे वर गेला की ते मनगट सपाट ठेवायचं, तळव्याकडे झुकवायचं, की पंजाच्या पाठीकडे मोडायचं? या वादाचं मूळ शोधायला गेलं तर गाठ आधी लाकडाशी पडते.

पूर्वी क्लबचे दांडे हिकरीच्या लाकडाचे असत. हिकरी लवते तशी पिळवटतेही. जोराने क्लब फिरवला की दांड्याला पीळ बसायचा, टोक मागे रेंगाळायचं आणि त्याचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं, राहायचं. म्हणून जुनी मंडळी मनगटं मोकळी सोडत आणि चेंडूपाशी येता येता तोंड पुन्हा सरळ करत. क्षणभर चूक झाली की चेंडू झुडपात!

ही मोकळी मनगटं एकमेकांशी भांडू नयेत, याचा उपाय पकडीत सापडला. उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवायची, म्हणजे दोन्ही हात एकजुटीने वळतात. ही पकड हॅरी वार्डनच्या नावावर जमा आहे. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्याच्या नावावर काहीही जमा होतं. प्रत्यक्षात स्कॉटलंडचा हौशी खेळाडू जॉनी लेडले तशीच पकड त्याच्या आधी वापरत होता.

मग पोलाद आलं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ साली पोलादी दांड्यांना परवानगी दिली, ब्रिटनमध्ये नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ क्लबने १९२९ साली. पोलाद फारसं पिळवटत नाही. हिकरीला सावरणारी मनगटाची फिरकी इथे जास्तीची ठरू लागली आणि चेंडू डावीकडे वळू लागला. यालाच हूक म्हणतात.

हुकाने ज्याला सर्वात जास्त छळलं तो बेन होगन. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबवर तो पोरवयात कॅडी होता. पहिली मोठी स्पर्धा त्याने जिंकली १९४६ साली, चौतिसाव्या वर्षी. ऑगस्ट १९५५ मध्ये 'लाइफ' मासिकात त्याने आपलं 'गुपित' उघड केलं. क्लब वर नेताना डावा हात कोपरापासून थोडा वळवायचा आणि वर पोचल्यावर मनगट पाठीकडे मोडायचं. मग मनगटाच्या पाठीला द्रोणासारखा खळगा पडतो. त्यामुळे क्लबचं तोंड इतकं उघडतं, की खाली येताना कितीही ताकद लावली तरी ते वेळेआधी मिटत नाही. हूक जवळजवळ संपतोच.

गंमत अशी, की १९५७ च्या त्याच्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात या खळग्यावर भर नाही. तिथे भर आहे चेंडूला फटका बसण्याच्या क्षणावर: डावं मनगट किंचित बाहेर फुगलेलं, त्याचं उंचावलेलं हाड लक्ष्याकडे रोखलेलं. पुढे १९६९ साली होमर केली यांच्या 'द गोल्फिंग मशीन'ने सपाट डाव्या मनगटाचा आग्रह धरला. आजचा डस्टिन जॉन्सन तर वर पोचतानाच मनगट तळव्याकडे झुकवतो, म्हणजे होगनच्या नेमकं उलट, आणि तरीही २०१६ ची यूएस ओपन जिंकतो.

माझ्या मते होगनने दिलं ते हुकावरचं औषध होतं. बहुतेक हौशी खेळाडूंचा आजार उलटा असतो: क्लबचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे भरकटतो. तुमचा चेंडू तसाच जात असेल तर होगनचं गुपित छापील पानावरच राहू द्या.