इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी

इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी : ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांची इंग्लंडमधील सर्वांत प्रतिष्ठेची वार्षिक शर्यत. १९२७ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर ती प्रथम ५०० यार्डांवर झाली व एन्ट्री बॅज हा कुत्रा तिचा पहिला विजेता ठरला. पुढील वर्षापासून अंतर ५२५ यार्ड करण्यात आले. ग्रेहाउंड हा वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करणारा कुत्रा असून दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात कारवान किंवा मुधोळ या नावांनी ओळखली जाणारी जात याच गटात मोडते. जिवंत सशामागे कुत्रे सोडण्याचा खेळ इंग्लंडमध्ये जुना असला, तरी तो स्टेडियममध्ये आला तो रुळावरून धावणाऱ्या यांत्रिक सशामुळे. ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकनाने विकसित केलेला हा ससा वापरून ब्रिटनमधील पहिली शर्यत २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे झाली.

शर्यतीत सहा कुत्रे धावतात. ते ट्रॅपमध्ये, म्हणजे समोरची झडप एकदम वर उचलली जाणाऱ्या कप्प्यांमध्ये बंद असतात आणि ससा पुढे निघून गेल्यावर झडप उघडते. क्रमांकानुसार त्यांच्या अंगावरील जाकिटांचे रंग ठरलेले आहेत : १ लाल, २ निळा, ३ पांढरा, ४ काळा, ५ नारिंगी व ६ काळे-पांढरे पट्टे. घोड्याला जॉकी असतो, येथे कोणीच नसतो; त्यामुळे पहिल्या वळणावर आतल्या कडेने धावणारा व बाहेरून वळण घेणारा कुत्रा एकमेकांना धडकले, तर तेथेच बहुधा निकाल ठरून जातो. डर्बीत प्राथमिक फेऱ्या, उपान्त्य फेरी व अंतिम फेरी अशा चाळणीतून जावे लागते. म्हणजे विजेत्याला या वळणावरून काही आठवड्यांत अनेकदा सुखरूप बाहेर पडावे लागते.

स्पर्धकांत सर्वाधिक नोंदी मिक द मिलर या कुत्र्याविषयी आढळतात. १९२६ मध्ये आयर्लंडच्या ऑफली परगण्यातील किली येथे मार्टिन ब्रोफी या धर्मगुरूंच्या घरी तो जन्मला आणि डिस्टेंपर या बहुधा प्राणघातक ठरणाऱ्या रोगातून पिल्लूपणीच वाचला. १९२९ च्या डर्बीतील एका प्राथमिक फेरीत त्याने ५२५ यार्ड २९.८२ सेकंदांत पार केले; हे अंतर तीस सेकंदांच्या आत कापणारा तो पहिला कुत्रा मानला जातो. त्या वर्षीच्या अंतिम शर्यतीत वळणावर धडक झाल्याने ती रद्द करून पुन्हा घेण्यात आली व फेरशर्यत त्याने जिंकली. १९३० मध्ये तो पुन्हा विजयी झाला, त्याच सुमारास सलग १९ शर्यती त्याने जिंकल्या. १९३१ मध्ये पाच वर्षांचा, म्हणजे या खेळाच्या हिशेबाने उतारवयाला लागलेला मिक अंतिम रेषेवर पुन्हा पहिला आला. पण रायलंड आर या कुत्र्याने वाटेत ‘फायटिंग’ केल्याचे, म्हणजे ससा सोडून शेजारच्या कुत्र्याच्या अंगावर गेल्याचे, ठरल्यामुळे शर्यत रद्द झाली. थोड्याच वेळात झालेल्या फेरशर्यतीत थकलेला मिक मागे पडला आणि सेल्डम लेड जिंकला. ज्या नियमाने त्याला पहिली डर्बी दिली, त्यानेच तिसरी काढून घेतली. त्या निर्णयाबद्दल प्रेक्षकांत नाराजी होती. असे असूनही त्याच वर्षी वेम्बली येथे त्याने सेंट लेजर ही ७०० यार्डांची शर्यत जिंकली. १९३९ मध्ये तो मरण पावल्यावर पेंढा भरून जतन केलेले त्याचे शरीर नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ट्रिंग येथील संग्रहात ठेवण्यात आले.

१९४० ची डर्बी हॅरिंगे येथे झाली. त्यानंतर १९४४ पर्यंत युद्धामुळे ती बंद होती. १९७५ पासून अंतर मीटरमध्ये मोजले जाऊ लागले. १९८४ मध्ये व्हाइट सिटी बंद पडल्यावर शर्यत विम्बल्डनला गेली. ते स्टेडियमही २०१७ मध्ये बंद झाले. त्यानंतर टोस्टर, नॉटिंगहॅम (२०१९ व २०२०) आणि २०२१ पासून पुन्हा टोस्टर असे तिचे स्थलांतर होत राहिले.

इंग्लिश, स्कॉटिश व वेल्श या तिन्ही डर्बी एकाच वर्षी जिंकणारे कुत्रे तीन : ट्रेव्हज परफेक्शन (१९४७), माइल बुश प्राइड (१९५९) व पॅट्रिशियाज होप (१९७२). यांपैकी पॅट्रिशियाज होपने १९७३ मध्येही इंग्लिश डर्बी जिंकली. मिकप्रमाणे लागोपाठ दोनदा जिंकण्याचा हा मान पुढे रॅपिड रेंजर (२०००, २००१) व वेस्टमीड हॉक (२००५, २००६) यांनाही मिळाला. वेस्टमीड हॉक ट्रॅपमधून सावकाश निघून शेवटच्या वळणानंतर पुढच्यांना गाठत असे, आणि या लकबीमुळेच तो विशेष लोकप्रिय झाला. मादाम तुसाँच्या संग्रहालयात त्याचा मेणाचा पुतळा करण्यात आला.

प्रशिक्षकांत चार्ली लिस्टर यांचे सात विजय हा उच्चांक आहे.

सट्टा हा या खेळाचा आर्थिक कणा असून कुत्र्यांच्या दुखापती व निवृत्तीनंतरची त्यांची व्यवस्था यांविषयी मतभेद आहेत. २०२५ मध्ये वेल्सच्या सरकारने ग्रेहाउंड शर्यतींवर बंदी आणण्याचा मनोदय जाहीर केला.