दोन वावरे, दोन सरासऱ्या

दिवाळीच्या मागेपुढे कपाशीची वेचणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव असो की घाटंजी, पारावर प्रश्न एकच असतो : यंदा एकरी किती? उत्तर एका आकड्यात येते आणि लगेच दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवले जाते. दाट लावलेली कपाशी ८.२ क्विंटल, जुन्या अंतरावरची ७; म्हणजे दाट लागवड सरस. हा निष्कर्ष घाईचा तर नाही, अशी शंका ज्यांना कधी आली असेल त्यांच्यासाठी ही पाने आहेत. आली नसेल, तर ती यावी अशी इच्छा आहे.

येथील बहुतेक कपाशी कोरडवाहू. नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीत आणि टेकडीच्या उतारावरच्या बरडात तेच बियाणे वेगवेगळे पिकते. कुठे पाऊस दडी मारतो, कुठे बोंडअळी आधी पोचते. त्यामुळे सरासरी ही आपण पाहिलेल्या वावरांची असते, सगळ्या वावरांची नव्हे. दुसरी वावरे निवडली असती तर ती किती हलली असती, हे सांगणारे साधन म्हणजे विश्वास-अंतराल.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन्ही पद्धतींची प्रत्येकी १६ वावरे, सरासऱ्या वरच्याच आणि प्रमाण विचलन, म्हणजे वावरावावरांतल्या पसाऱ्याचे माप, दोन्हीकडे २ क्विंटल. सरासरीतला फरक १.२ क्विंटल, पण त्याचे ९५ टक्के विश्वास-अंतराल उणे ०.२४ ते २.६४ असे येते. त्यात शून्य आहे. म्हणजे फरक मुळीच नसण्याची शक्यता या आकड्यांनी मिटत नाही. तीच सरासरी आणि तेच विचलन प्रत्येकी ३६ वावरांतून आले असते, तर अंतराल ०.२६ ते २.१४ झाले असते. शून्य बाहेर गेले.

येथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण जाणकारही याच वळणावर चुकतात. ३६ वावरांच्या दोन गटांची अंतराले वेगवेगळी काढली तर ती ७.५२ ते ८.८८ आणि ६.३२ ते ७.६८ अशी एकमेकांवर चढतात. ते पाहून ‘फरक नाही’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, अंतराल फरकाचे काढावे. आणि एकाच वावराचे दोन भाग करून दोन पद्धती लावल्या असतील, तर हिशेब जोडीजोडीने होतो, वरच्या रीतीने नाही.

‘९५ टक्के’चा अर्थही जपून घ्यावा. अशीच पाहणी पुन्हा पुन्हा केली, तर निघणाऱ्या अंतरालांपैकी सुमारे ९५ टक्के खऱ्या फरकाला कवेत घेतील. ही हमी रीतीची आहे, तुमच्या हातातल्या एका अंतरालाची नाही.

विश्वास-अंतरालाची ही कल्पना १९३४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांनी लंडनमध्ये मांडली. त्याच काळात तेथे त्यांच्या सहवासात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे शिकत होते. पुढे सुखात्मे आणि इंदूरला कापसावर काम केलेले विनायक गोविंद पानसे यांनी शेतीच्या कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते १९५४ मध्ये काढले. कृषी महाविद्यालयांत ‘पानसे-सुखात्मे’ हे जोडनाव कित्येक पिढ्यांनी उच्चारले आहे. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही. आपल्या बोलीत तो थोडा उशिरा येतो आहे, इतकेच.

तुम्ही सूत्रांपासून सुरुवात करू नका. गावातल्या दहाबारा वावरांचे आकडे वहीत उतरवा आणि सरासरी काढण्याआधी त्यांतला सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा पाहा. पसारा डोळ्यांत बसला की सूत्र जड जात नाही. अंतराल हाती आले की मधल्या आकड्यापेक्षा खालच्या टोकाकडे आधी बघा. आपल्या ३६ वावरांच्या उदाहरणात ते ०.२६ आहे, म्हणजे एकरी २६ किलो कापूस. दाट लागवडीला लागणारे जादा बियाणे तेवढ्यात निघते का, हा हिशेब ज्याच्या त्याच्या वहीतला.